बायकोच्या रिपोर्टमध्ये ट्रायकोमोनास. मला काहीच त्रास नाही, तरी पाच गोळ्या एकदम?

तिसरीशिफ्ट

नमस्कार मंडळी. नेहमीच्या आयडीने विचारायला जीव धजेना म्हणून नवा आयडी काढलाय, सांभाळून घ्या.

वय 34, चाकणला कंपनीत आहे, लग्नाला दोन वर्षं झाली. मिसेसला बरेच दिवस अंगावरून जात होतं. नेहमीचं पांढरं नाही, पिवळट-हिरवट, फेसाळ, वास येणारं, आणि खाज इतकी की रात्री झोप नाही. आधी मेडिकलमधून बुरशीची क्रीम आणली, तिने काडीचा फरक पडला नाही. शेवटी गायनॅक मॅडमकडे गेलो. त्यांनी आतून तपासलं, कापसाच्या काडीवर नमुना घेऊन खालच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये पाठवला आणि थोड्याच वेळात रिपोर्ट आला: ट्रायकोमोनास व्हजायनॅलिस दिसले.

मॅडम एवढंच म्हणाल्या की हा परजीवी आहे, संबंधांतून पसरतो, पूर्ण बरा होतो, दोघांनी औषध घ्यायचं. मिसेसला मेट्रोनिडॅझोल 400 ची गोळी सकाळ-संध्याकाळ सात दिवस. त्याच कागदावर खाली 'पतीसाठी' असं लिहून तीच गोळी, पाच नग, एकाच वेळी, जेवणानंतर, फक्त एकदा. मला तपासलं नाही, लघवीसुद्धा मागितली नाही. बाहेर बायकांची रांग लागलेली, त्यामुळे मीही तोंड उघडलं नाही.

आता मेडिकलवाला म्हणतो, पाच एकदम म्हणजे मॅडमची लिहिण्यात गडबड झाली असणार. तो म्हणतो, त्यापेक्षा ही ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोलची पट्टी घ्या, पाच दिवस सकाळ-संध्याकाळ, जुलाबाला लोक हीच नेतात, हिने सगळं साफ होतं.

तर मुळात मला काहीही होत नाहीये. जळजळ नाही, स्राव नाही, खाज नाही. मग औषध कशाला? आणि घ्यायचंच तर पाच गोळ्या एकदम घेतल्याने लिव्हरला काही होत नाही ना? शिवाय गटारी तोंडावर आलीये, मित्रांचा कार्यक्रम ठरलाय, त्याचं काय ते पण सांगा.

शेवटचा प्रश्न लिहू की नको असं चाललंय. हे आलं कुठून? लग्नाआधीचं आम्ही दोघांनीही एकमेकांना कधी विचारलेलं नाही, ठरवूनच. लग्नानंतर माझ्याकडून काही नाही. तिच्याकडूनही नाही, असं मी मानतो. पण रिपोर्ट आल्यापासून घरात दोघंही गप्प आहोत आणि टीव्ही मोठ्या आवाजात चालू असतो.

---

गावरान

भाऊ, इतक्या गोळ्या म्हणजे पोटाची वाट. अंगात उष्णता वाढली की असले प्रकार होतात. सकाळी उपाशीपोटी सब्जा, दिवसभर धने-जिऱ्याचं पाणी, तिखट बंद. वहिनींना कडुलिंबाच्या पाण्याने धुवायला सांगा. महिन्याभरात फरक पडतो की नाही बघा.

---

रानजाई

गावरान, तुमच्या सब्ज्याच्या नादात माझ्या मामेबहिणीचं वर्ष वाया गेलंय. तिलाही हेच झालं होतं. तिने कोर्स पूर्ण केला, बरी झाली, दोन महिन्यांत पुन्हा तेच. पुन्हा कोर्स, पुन्हा तेच. दर वेळी डॉक्टर नवऱ्यासाठीही लिहून द्यायच्या आणि दर वेळी नवरोबा म्हणायचे, मला काही नाही, आजार तुझा आहे. त्यांच्या वाटच्या गोळ्या औषधांच्या डब्यात तशाच पडून होत्या. शेवटी सासूबाईंनीच डोळे वटारले तेव्हा घेतल्या. त्यानंतर तिला परत झालं नाही.

तिसरीशिफ्ट, तुम्ही निदान विचारताय तरी. बऱ्याच घरांत नवऱ्यापर्यंत कागदच पोचत नाही.

---

काचपट्टी

मी एका सिव्हिल हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते, आता निवृत्त आहे. आमच्या खोलीला लागून त्वचा आणि गुप्तरोगाची ओपीडी होती. त्यामुळे हा प्राणी माझ्या चांगला ओळखीचा आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्यासारखे कितीतरी जण त्या कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून उभे असलेले बघितलेत.

आधी तो दिसतो कसा ते सांगते, म्हणजे बाकीचं समजायला सोपं जाईल. काचपट्टीवर सलाइनचा एक थेंब टाकायचा, त्यात काडीवरचा नमुना मिसळायचा, वर पातळ काच ठेवायची आणि लगेच सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचा. लगेच म्हणजे खरोखर लगेच, नमुना गार व्हायच्या आत. पू-पेशींची गर्दी असते, सगळ्या निपचित पडलेल्या. त्यांच्यात त्यांच्याहून जरासा मोठा, एका बाजूला निमुळता असा एक जीव झटके देत वळवळत असतो. पुढे चार शेपट्या असतात आणि कडेला एक पातळ पडदा लाटेसारखा हलत असतो. शेजारच्या पेशींना धक्के देत तो पुढे सरकतो. एकदा बघितला की माणूस विसरत नाही. 1836 मध्ये पॅरिसला आल्फ्रेड दोने नावाच्या डॉक्टरने तो पहिल्यांदा पाहिला, तोही असाच, ताज्या थेंबात.

गंमत अशी की तो हलायचा थांबला की संपलं. मेलेला ट्रायकोमोनास आणि पू-पेशी यांत फरक करणं भल्याभल्यांना जमत नाही. वॉर्डबॉय नमुना घेऊन चहाला थांबला की रिपोर्ट निगेटिव्ह.

हे झालं बायकांचं. पुरुषांत याहून अवघड. त्यांच्या मूत्रमार्गात हे जीव संख्येने फार थोडे असतात, कधी प्रोस्टेटच्या बाजूला दडून असतात. सकाळची पहिली धार घ्या, ती यंत्रात फिरवून तळाचा गाळ बघा, तरी बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. बायकोच्या पट्टीवर वळवळ आणि नवऱ्याची पट्टी स्वच्छ, असं मी कितीदा पाहिलंय. म्हणून नवऱ्याला 'तुमच्यात नाही' असा कागद द्यायला आमचे डॉक्टर बंदी करायचे. कागद मिळाला की नवरा घरी जाऊन तो बायकोच्या तोंडावर फेकणार हे त्यांना ठाऊक होतं. हल्ली जनुकावरून ओळखणारी चाचणी आली आहे, पीसीआरसारखी. ती लघवीवरही होते आणि बरीच खात्रीची आहे. पण खासगी लॅबमध्ये ती खिशाला लागते आणि तुमच्या बाबतीत तिच्यासाठी थांबायची गरज नाही. बायकोत सापडला असेल तर नवऱ्याला तपासणीशिवाय औषध देतात, जगभर हीच रीत आहे. मॅडमनी तुम्हाला टाळलं नाही. त्यांनी बरोबरच केलं.

तुम्हाला त्रास नाही याचं नवल वाटून घेऊ नका. बहुतेक पुरुषांना काहीच होत नाही. ज्यांना होतं त्यांना लघवीनंतर किंवा वीर्य गेल्यावर जळजळ, आतल्या आत खाज, सकाळी टोकाशी एखादा पातळ थेंब. आपल्याकडे त्याला 'उन्हाळी लागली' म्हणतात आणि मग सब्जा सुरू होतो. गावरान, तुमच्यावर राग नाही, सब्जा मीही पिते. पण या जीवाला त्याने काही होत नाही. आणि वहिनींना आतून कडुलिंबाच्या पाण्याने धुवायला अजिबात सांगू नका. त्याने आतली चांगली जिवाणूंची वस्ती मोडते आणि त्रास वाढतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. त्या रिपोर्टवर नमुन्याची तारीख असते, लागण झाल्याची नसते. बाईच्या अंगात हा महिनोन्‌महिने, कधी काही वर्षंसुद्धा, काही न कळू देता राहू शकतो. पुरुषात बऱ्याचदा आपोआप जातो, पण महिनोन्‌महिने टिकल्याचंही दिसतं. तुम्ही तिला दिला की तिने तुम्हाला, लग्नाआधीचा की नंतरचा, हे जगातली कुठलीच लॅब सांगू शकत नाही. आमच्या कॉरिडॉरमध्ये नवरा-बायकोची यावरूनच जुंपायची. समुपदेशक ताई आधी दोघांच्या हातात गोळ्या द्यायच्या आणि मगच बोलायला बसवायच्या. मला तो क्रम पटायचा.

एक मात्र सांगते. हा संसर्ग सापडला की इतरही तपासून घ्यायचे असतात. एचआयव्ही, सिफिलिससाठी व्हीडीआरएल, जमल्यास गोनोरिया आणि क्लॅमिडिया. हा असताना एचआयव्ही लागायची शक्यता वाढते म्हणून, संशय म्हणून नव्हे. सरकारी रुग्णालयात आयसीटीसी असते, तिथे एचआयव्हीची तपासणी फुकट होते, आधी समुपदेशन करतात, आणि तुमच्या संमतीशिवाय निकाल कुणाला सांगायचा नाही असा 2017 चा कायदाच आहे. गुप्तरोगांसाठी 'सुरक्षा क्लिनिक' असा फलक शोधा. फोनवर विचारायचं असेल तर 1097 ही एचआयव्हीची हेल्पलाइन.

गोळ्यांच्या हिशेबाबद्दल इथले कुणी डॉक्टर लिहितील तर बरं. मी काचेपलीकडची बाई आहे.

---

ओपीडीनंतर

काचपट्टीताईंनी माझं बरंचसं काम करून टाकलं. नाशिकला जनरल प्रॅक्टिस करतो. गोळ्यांचं सांगतो.

मॅडमची गडबड झालेली नाही. पुरुषासाठी मेट्रोनिडॅझोलचा एकदाच घ्यायचा डोस 2 ग्रॅम आहे. आपल्याकडे गोळी 400 मिलीग्रॅमची मिळते, म्हणून पाच. टिनिडॅझोल दिलं तर 500 च्या चार. सेक्निडॅझोलही 2 ग्रॅम. सरकारी योजनेत बायकांच्या अंगावरून जाण्यासाठी हिरव्या रंगाचं जे पाकीट मिळतं, त्यात तेच असतं, सोबत बुरशीची एक गोळी. ही सगळी एकाच कुळातली औषधं आणि या परजीवीवर चालणारं कूळ हे एवढंच. अझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम, डॉक्सी या अँटिबायोटिक्सचा याच्यावर परिणाम होत नाही.

मेडिकलवाल्याच्या पट्टीतलं ऑर्निडॅझोल याच कुळातलं आहे, म्हणजे ते अगदीच निरुपयोगी नाही. पण सोबतचं ऑफ्लॉक्सासिन इथे फुकट जातं. ते ना या परजीवीवर चालतं ना आपल्या देशातल्या आजच्या गोनोरियावर त्याचा भरवसा उरलाय. विनाकारण अँटिबायोटिक पोटात घालू नका. आणि चिठ्ठीवरचं औषध बदलायचा अधिकार मेडिकलवाल्याला नाही. फोन करून मॅडमना विचारा म्हणावं.

लिव्हर निरोगी असेल तर या एका डोसने काही बिघडत नाही. लिव्हरचा जुना आजार असेल, फिट्सचा त्रास असेल, लिथियम चालू असेल तर घेण्याआधी डॉक्टरांना सांगायचं. पोटभर जेवून, भरपूर पाण्याबरोबर, शक्यतो रात्री घ्या. मळमळेल. तोंडाला धातूची चव येईल, ती दुसऱ्या दिवशीपर्यंत राहू शकते. लघवीचा रंग गडद, तपकिरी दिसला तर घाबरू नका. गोळ्या घेतल्या-घेतल्या उलटी झाली तर मनानेच पुन्हा पाच घेऊ नका, फोन करा.

दारूचं विचारलंत. जुना नियम असा की मेट्रोनिडॅझोलनंतर 24 तास आणि टिनिडॅझोलनंतर 72 तास थेंब नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय की या भीतीला भक्कम पुरावा नाही, दारू टाळण्याची गरज नाही. पण आपल्याकडच्या पाकिटावर अजून टाळा असंच छापलेलं असतं आणि मीही टाळाच सांगतो. पाच गोळ्यांची मळमळ आणि वर गटारी, उलटी नक्की कशाने झाली ते तुम्हालाही कळायचं नाही. एक दिवस इकडेतिकडे करा.

सगळ्यात महत्त्वाचं, दोघांनी एकाच दिवशी सुरू करा. तुमचा डोस त्या रात्री संपला तरी मिसेसचा सात दिवस चालणार. तोवर संबंध नाहीत, कंडोम लावूनही नकोत. तिचा कोर्स पूर्ण झाला, तिची लक्षणं गेली, तुमच्या गोळ्यांना आठवडा झाला, मग हरकत नाही. नाहीतर तुमच्याकडून तिला, तिच्याकडून तुम्हाला अशी टोलवाटोलवी चालते. रानजाईंच्या बहिणीच्या घरी तेच झालं.

मूल हवंय का हे तुम्ही लिहिलं नाही. पाळी चुकली असेल तर मॅडमना आत्ताच सांगा. गरोदरपणात हा संसर्ग राहिला तर दिवस भरण्याआधी बाळंतपण आणि कमी वजनाचं बाळ यांचा धोका वाढतो. मेट्रोनिडॅझोल गरोदरपणात देता येतं, टिनिडॅझोल टाळतात.

---

लेस्टरकर

मी गेली काही वर्षं इंग्लंडात. इथे पुरुषांनाही सरसकट सात दिवसांचाच कोर्स देतात, 400 सकाळ-संध्याकाळ. मला स्वतःला दिला होता म्हणून खात्रीने सांगतोय. मग तिकडे एकाच डोसवर भागवतात म्हणजे काटकसर वगैरे आहे का? विचारतोय, टोमणा नाही.

बाकी इथली एक गोष्ट आवडली. सेक्शुअल हेल्थ क्लिनिक वेगळं असतं, फुकट, फॅमिली डॉक्टरच्या कागदांत काही जात नाही. गेल्या चार आठवड्यांतल्या जोडीदारांबद्दल विचारतात आणि तुम्हाला संकोच वाटत असेल तर तुमचं नाव न घेता क्लिनिकच त्यांना कळवतं. समोर बसलेल्या बाईंनी 'शेवटचा संबंध कधी' हे 'शेवटचं जेवण कधी' इतक्या सहज विचारलं. मी मात्र घामाघूम.

---

ओपीडीनंतर

लेस्टरकर, प्रश्न रास्त आहे. काटकसर नाही.

पूर्वी बायकांनाही एकच डोस चालायचा. मग अमेरिकेत बायकांवर मोठी तुलना झाली, एक डोस विरुद्ध सात दिवस, 2018 मध्ये ती छापून आली. सात दिवसांच्या गटात संसर्ग शिल्लक राहणाऱ्या बायका बऱ्याच कमी निघाल्या. म्हणून 2021 मध्ये सीडीसीने बायकांसाठी सात दिवस हाच पहिला पर्याय केला. पुरुषांवर तशी तुलना तोवर झालेली नव्हती, म्हणून त्यांना 2 ग्रॅम एकदाच हे कायम राहिलं. ब्रिटनने दोघांनाही सात दिवस ठेवलं. दोन्ही बरोबर आहेत. माझा स्वतःचा कल सांगायचा तर पेशंट बघून ठरवतो. सात दिवसांचा कोर्स तिसऱ्या दिवशी सोडणारा गडी असेल तर समोर बसवून एकच डोस बरा.

डोस घेऊनही त्रास राहिला किंवा बायकोला परत झालं तर आधी विचारायचं, मध्ये संबंध आले का. आले असतील तर ती पुन्हा झालेली लागण, पुन्हा तेच औषध दोघांना. आले नसतील तर पुरुषालाही सात दिवसांचा कोर्स. त्यानेही नाही गेला तर औषधाला दाद न देणारा प्रकार असू शकतो. तो दुर्मीळ आहे पण आहे, आणि तेव्हा जास्त डोस जास्त दिवस द्यावा लागतो. ते तज्ज्ञांचं काम, इथे आकडे लिहीत नाही, कारण कुणीतरी ते घरी करून बघेल.

---

मिरजकर

माझी गोष्ट उलट बाजूची. मला त्रास होता आणि बायकोला काही नव्हतं.

सकाळी चड्डीला डाग, लघवीला जळजळ. सरकारी दवाखान्यात गेलो. आधी करड्या रंगाचं पाकीट दिलं, त्यात दोन औषधं, तिथल्या तिथे समोर गिळायला लावली. ती गोनोरिया आणि क्लॅमिडियासाठी असतात म्हणे. डाग कमी झाले, गेले नाहीत. परत गेलो तर डॉक्सीचा आठवडा. तरी सकाळी एक थेंब असायचाच. मला वाटलं आता काहीतरी मोठं निघतंय. रात्री मोबाइलवर वाचून वाचून मी कॅन्सरपर्यंत पोचलो होतो. तिसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, आता ट्रायकोमोनासचं देऊन बघू, सेक्निडॅझोल. दोन मोठ्या गोळ्या, एकदाच. चारेक दिवसांत बंद.

बायकोसाठीही तिथूनच औषध दिलं. तिला सांगणं हे गोळ्या गिळण्यापेक्षा अवघड गेलं. पण तिची तपासणी केली तर तिच्यातही सापडला आणि तिला त्रास शून्य. म्हणजे 'बाईला त्रास, पुरुषाला नाही' हेही पक्कं धरू नका.

---

काचपट्टी

मिरजकर, बरोबर. निम्म्याहून जास्त बायकांनाही काही जाणवत नाही. 2020 मध्ये जगात 15 ते 49 वयात याची 15 कोटी 60 लाख नवी प्रकरणं झाली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गोनोरियापेक्षाही जास्त आणि क्लॅमिडियापेक्षाही. आणि आपल्याकडे त्याचं नाव किती जणांनी ऐकलंय? एचआयव्हीची पोस्टर एसटी स्टँडवर सुद्धा दिसतात, याचं मी आयुष्यात एक पाहिलं नाही. बरा होतो, जीव घेत नाही, त्यामुळे कुणाला घाई नाही.

---

तिसरीशिफ्ट

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवून पाच गोळ्या घेतल्या. मिसेसनेही कालच सुरू केली, तिने मुद्दाम माझ्यासाठी थांबवून ठेवली होती हे मला कालच कळलं. पहाटेपर्यंत मळमळलं, उलटी नाही. तोंड असं झालंय की सकाळचा चहा ओतून दिला. काचपट्टीताई, तुमचा लागणीच्या तारखेचा परिच्छेद मी तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, या बाईंना विचार की टॉवेल, साबण, बेडशीट वेगळं करायचं का, आणि कमोडवरून होतं का. सासूबाई पुढच्या आठवड्यात राहायला येतायत आणि बाथरूम एकच आहे.

आणखी एक, बरं झालं की नाही हे बघायला परत तपासणी कधी करायची?

---

काचपट्टी

मिसेसना सांगा, निर्धास्त राहा. आवेच्या जंतूसारखे काही परजीवी अंगाभोवती कवच करून बाहेर तग धरतात, याला ते जमत नाही. वाळला की मेला. जेवणाखाण्यातून, हवेतून होत नाही, प्राण्यांतून येत नाही. कमोडवरून झाला म्हणणारे पुष्कळ भेटले, त्यांतल्या निम्म्यांना ते कारण फार सोयीचं होतं. ओला टॉवेल एकमेकांचा लगेच वापरू नये एवढं पुरे, ते एरवीही वापरू नयेच. बेडशीट नेहमीसारखी धुवा. सासूबाईंसाठी वेगळं काही करायची गरज नाही आणि त्यांना सांगायचीही नाही.

तपासणीचं: तुम्हाला त्रास नव्हता आणि आताही नसेल तर तुमची परत करायची गरज सहसा पडत नाही. मिसेसची मात्र तीन महिन्यांच्या आत एकदा करून घ्या, लक्षणं गेली असली तरी. बायकांत परत लागण होण्याचं प्रमाण बरंच आहे. पीसीआरची चाचणी करणार असाल तर औषध संपल्यावर तीन आठवडे तरी जाऊ द्या. ती चाचणी मेलेल्या जिवाचे अवशेषही पकडते आणि घाईने केली तर उगाच पॉझिटिव्ह येते. सूक्ष्मदर्शकाची करणार असाल तर नमुना लॅबमध्येच जाऊन द्या, घरून बाटलीत घालून रिक्षाने नेऊ नका.

एचआयव्ही आणि व्हीडीआरएल राहिलं तुमचं, ते दोघांनी एकाच दिवशी जाऊन उरकून टाका. एचआयव्हीची आता केलेली निगेटिव्ह आली तरी समुपदेशक काही आठवड्यांनी परत बोलावतील, ते त्यांच्या पद्धतीप्रमाणे असतं, दचकू नका.

---

संध्याछाया५२

धागा वाचत होतो. मला हा आजार नाही, पण दाढेला पू झाला म्हणून डेंटिस्टने मेट्रोनिडॅझोल 400 दिलंय, दिवसातून तीनदा. हृदयाची झडप बदललेली आहे, ॲसिनोकुमॅरॉल चालू आहे. वर डॉक्टरांनी लिथियम वगैरे लिहिलंय, त्यात रक्त पातळ करण्याच्या गोळीचं नाव दिसलं नाही म्हणून विचारतो. चालेल ना?

---

ओपीडीनंतर

काका, थांबा. पुढची गोळी घेण्याआधी तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा आणि डेंटिस्टनाही कळवा. मेट्रोनिडॅझोलमुळे ॲसिनोकुमॅरॉल आणि वॉर्फरिन दोन्हींचा परिणाम वाढतो, रक्त हवं त्यापेक्षा जास्त पातळ होतं. ते डोस कमी करतील, रक्त किती पातळ आहे ते दाखवणारी आयएनआर तपासणी लवकर करायला सांगतील, नाहीतर दाढेसाठी दुसरं औषध देतील. पातळ करायची गोळी मात्र मनाने बंद करू नका, झडपेचा प्रश्न आहे. हिरड्यांतून रक्त, काळी शौच किंवा अंगावर निळे डाग दिसले तर फोनवर वेळ न घालवता सरळ हॉस्पिटल. किती गोळ्या घेऊन झाल्यात?

---

संध्याछाया५२

दोन. आता मुलाला सांगून फोन लावतोय.